गोव्यात ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलात सहकुटुंब राहताना: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मी मडगावला राहते, त्यामुळे दिवाळी आणि मे जवळ आला की पुण्या-नाशिकच्या नातलगांचे फोन सुरू होतात. मागणी एकच असते. समुद्राजवळचं हॉटेल हवं, जेवणखाण सगळं त्यातच हवं, रोज पैसे मोजत बसायला नको, म्हणजेच ऑल-इन्क्लुझिव्ह. माझा पहिला प्रश्न मात्र हॉटेलबद्दल नसतो. कोण कोण येणार, एवढंच मी विचारते.

माझं मत आधीच सांगते. दोन लहान मुलं, जिने चढायला त्रास होणाऱ्या आजी, आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ ‘आज काय करायचं’ हा विचार एकटीने वाहणारी आई, असं कुटुंब असेल तर ही पद्धत खरंच सुखाची आहे. चार दिवस कुणालाच स्वयंपाकाचा विचार करावा लागत नाही, हे सुख लहान नाही. पण मुलं मोठी असतील, दिवसभर भटकायचं असेल, मासे खायची हौस असेल, तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्यावं. दुपार गोव्यासाठी मोकळी ठेवावी. कसं ठरवायचं ते आता क्रमाने सांगते.

१. महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, समुद्र शांत आणि दर चढे. त्यातही नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने टाळावा असं मी आवर्जून सांगते. दर कित्येक पटींनी वाढतात, रस्ते तुंबतात, आणि बरीच हॉटेलं २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं ‘गाला डिनर’ सक्तीने बिलात धरतात. जेवण पॅकेजमध्ये आहे म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाला हा आकडा शेवटी कळतो.

मार्च ते मे घामाचे दिवस. सकाळी नऊनंतर आणि चारच्या आधी मुलांना वाळूवर नेऊ नका. आजी-आजोबांना तर या दिवसांत खोलीतला एसी आणि संध्याकाळचं वारं एवढंच सोसतं.

जून ते सप्टेंबर पावसाळा. शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती खानपानगृहं, ३१ मेपर्यंत उठतात, वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, समुद्रात उतरायचं नसतं. पण कडेवर घ्यायचं मूल असलेल्या घराला मी पावसाळाच सुचवते. दर निम्म्यावर येऊ शकतात, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना तिन्ही वेळचं गरम जेवण छपराखाली मिळणं हाच त्या पॅकेजचा खरा उपयोग आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीची अपेक्षा कमी ठेवा. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की गावातली खाणावळ, दुकानं काही दिवस बंद असतात; हॉटेलातले स्थानिक कामगारही घरी गेलेले असतात.

२. किनारा निवडा, मग हॉटेल

बहुतेक लोक उलटं करतात. फोटोतला पोहण्याचा तलाव बघून हॉटेल घेतात आणि नंतर कळतं की देवदर्शन एका टोकाला, विमानतळ दुसऱ्या टोकाला.

उत्तरेला शिकेरी, कांदोळी, कळंगुट, बागा हा सलग पट्टा. इथे दुकानं, औषधं, बँक, खाण्याच्या जागा हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तेवढीच गर्दी आणि आवाजही. मुलं कॉलेजची असतील तर त्यांना हे आवडेल. त्याच्या वर मोरजी, आश्वे, मांद्रे जरा निवांत. मोरजी-मांद्रेला आणि दक्षिणेत आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यामुळे हिवाळ्यात तिथल्या किनाऱ्यावर रात्री दिवे आणि गोंगाट यांवर बंधनं असतात. ती पाळायची.

दक्षिणेला सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी आणि शेवटी मोबोर अशी एकच लांबलचक वाळू आहे. केळशी नकाशावर कॅव्हेलोसिम म्हणून दिसेल. मोठ्या आवारांची, बागा आणि तलाव असलेली रिसॉर्टं इथेच जास्त, आणि सगळं धरून दर देणारीही बरीचशी इथेच. तीन पिढ्या एकत्र येणार असतील तर मी हाच पट्टा सांगते. अडचण एकच. आवाराबाहेर पडलं की पायी जाण्यासारखं फार काही नसतं, म्हणून हॉटेलात काय मिळतं याला इथे जास्त महत्त्व येतं. काणकोणातलं पाळोळे पाण्यासाठी मुलांना फार छान, उथळ आणि वळणदार किनारा. पण तिथे जास्त करून झोपड्या आणि लहान हॉटेलं.

‘समुद्राला लागून’ या शब्दांवर फार विसंबू नका. किनारा नियमनाचे नियम १९९१ पासून आहेत, आणि बहुतेक किनारी गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे चांगल्या चांगल्या रिसॉर्टातूनही वाळूच्या टेकड्या ओलांडून चार-पाच मिनिटं चालावं लागतं. आजोबांना काठी लागत असेल तर विचारा: वाट फरसबंद आहे की वाळूची, आणि हॉटेलची बग्गी कुठपर्यंत सोडते?

३. जेवणाची पद्धत आणि हिशोब

हॉटेलवाले पाच पद्धतींची भाषा बोलतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. या सगळ्यांच्या वर ऑल-इन्क्लुझिव्ह: जेवणं, मधल्या वेळचं खाणं, चहा-कॉफी, थंड पेयं आणि ठरावीक वेळेत ठरावीक ब्रँडची दारू. फोनवर ‘ऑल मील’ म्हणून सांगितलं जातं ते बऱ्याचदा एपी असतं. त्यात जेवणाबरोबरची पाण्याची बाटलीसुद्धा वेगळी लागू शकते. म्हणून या अक्षरांतलं नेमकं कुठलं, हे बोलणाऱ्याकडून वदवून घ्या.

आता हिशोब. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा दोघांच्या खोलीला नाश्त्यासह दर ९,००० रुपये आहे आणि सगळं धरून १४,५००. फरक दिवसाला ५,५००. बाहेर दोघांचं दुपारचं माशाचं जेवण १,४००, रात्रीचं १,६००, चहा-भजी आणि शहाळी ५००, असं धरलं तर होतात ३,५००. म्हणजे दारू न पिणारं जोडपं रोज २,००० रुपये निव्वळ सोयीसाठी देतं. सोय मोलाची असेल तर जरूर द्यावे, पण कळून द्यावे. दोघंही संध्याकाळी हॉटेलच्या बारमध्ये दोन-दोन ग्लास घेणारे असतील तर मात्र हेच पॅकेज स्वस्त पडतं, कारण हॉटेलातल्या पेयांचे दर आणि त्यावरचे कर भराभर वाढतात.

आजी-आजोबांचा हिशोब वेगळा करा. रात्री वाटीभर वरणभात खाणाऱ्या माणसासाठी पूर्ण पॅकेजचे पैसे भरण्यात अर्थ नाही. एका खोलीत दोन पद्धती सहसा देत नाहीत, पण दोन खोल्या असतील तर त्यांची खोली नाश्ता-रात्रीच्या जेवणावर आणि तुमची पूर्ण पॅकेजवर मिळते का, हे विचारायला लाजू नका.

मुलांचं वय हा पैशांचा मोठा भाग. बऱ्याच ठिकाणी पाच किंवा सहा वर्षांखालचं मूल वेगळा पलंग न घेता फुकट, मग बारापर्यंत ठरावीक आकार, आणि बारानंतर मोठ्या माणसाचा दर. सीमा प्रत्येक हॉटेलची वेगळी. मुलाचं वय खरं सांगा आणि त्याचं आधार कार्ड बरोबर ठेवा, कारण काउंटरवर मागतात.

कर विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा करासह आहे का, हे पैसे भरण्याच्या आधी बघा. चार दिवसांच्या दोन खोल्यांवर १८ टक्के म्हणजे कुटुंबाच्या परतीच्या तिकिटांहून जास्त रक्कम होऊ शकते.

४. हॉटेलला लेखी विचारा

फोन करा, पण उत्तर ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर मागा. काउंटरवर उभं राहून दमलेल्या मुलांसमोर वाद घालण्यापेक्षा एक जुना संदेश दाखवणं सोपं.

हे विचारा. पॅकेज पोहोचल्याच्या दिवशी कुठल्या जेवणापासून सुरू होतं आणि निघायच्या दिवशी कुठल्या जेवणावर संपतं? हॉटेलातल्या सगळ्या रेस्टॉरंटांत चालतं की फक्त बुफेच्या दालनात? लॉबस्टर, मोठी कोळंबी, बार्बेक्यू वेगळे का? खोलीत मागवलेलं जेवण, मिनीबार, स्पा, विमानतळावरून ने-आण यांपैकी काय आत, काय बाहेर? बहुतेक ठिकाणी ही सगळी यादी बाहेरच असते. बार किती वाजता बंद होतो? जेवणाच्या वेळा काय? दुपारचा बुफे तीनला बंद होत असेल आणि तुमची गाडी उशिरा पोहोचली, तर जेवणाचे पैसे गेले.

मग घरच्या माणसांचे प्रश्न. तळमजल्याची खोली किंवा लिफ्टजवळची खोली. न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे का. आजीला त्यात पाय टाकता येत नाही, आणि वयस्कर माणूस घसरून पडतो तो इथेच. दोन खोल्यांमध्ये आतून दार आहे का. तान्ह्या बाळासाठी मऊभात-वरण मिळेल का. संकष्टी किंवा एकादशी मुक्कामात येत असेल तर उपवासाचं काय मिळेल. आदल्या दिवशी शेफला सांगितलं तर साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी होते. त्याच सकाळी सांगितलं तर फळं आणि दही हाती येतं. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच लिहा.

शेवटचा प्रश्न बुकिंग रद्द करण्याचा. किती दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत? लहान मुलं असलेल्या घरात कुणाला ताप कधी येईल सांगता येत नाही, म्हणून थोडा जास्त दर देऊन पैसे परत मिळणारं बुकिंग घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि पैसे भरताना सावध राहा. गोव्यातल्या हॉटेल-बंगल्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघतात. फार स्वस्त दर, आजच पूर्ण रक्कम भरा अशी घाई, आणि एखाद्या व्यक्तीच्या नावावरचा क्यूआर कोड, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबा. हॉटेलच्या स्वागतकक्षाचा लँडलाइन नंबर स्वतः शोधून फोन करा आणि तुमच्या नावावर खोली आहे का ते विचारा.

५. पोहोचायचं कसं

गोव्याला आता दोन विमानतळ आहेत: दक्षिणेला वास्कोजवळचं दाबोळी आणि उत्तरेला पेडण्यातलं मोपा, जिथून जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली. केळशीला राहायचं आणि तिकीट मोप्याचं, असं झालं तर दोन तास आणि चांगलीच मोठी टॅक्सीची रक्कम जाते. दाबोळीहून तेच तासाभराचं काम. तिकिटाचा दर बघताना टॅक्सीचे पैसे त्यात मिळवा, मग स्वस्त कुठलं ते ठरवा.

मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर रेल्वे मला अजूनही सगळ्यात आवडते. कोकण रेल्वेवर उत्तर गोव्यासाठी थिवीला उतरायचं, सासष्टीसाठी मडगावला, पाळोळेसाठी काणकोणला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, म्हणून आधी रेल्वे, मग हॉटेल असा क्रम ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. पुण्या-मिरजेकडून येणाऱ्यांना बेळगाव-लोंढ्यावरून दूधसागराजवळून उतरणारी गोवा एक्सप्रेस आहे. गाडीने येणार असाल तर कोल्हापूरहून आंबोली किंवा बेळगावहून चोर्ला. पावसात घाट दिवसाउजेडीच उतरा.

ओला-उबर इथे चालत नाहीत. विमानतळावर प्रीपेड काउंटर आहे आणि फोनवर गोवामाइल्स हे ॲप आहे. हॉटेलच्या दारातल्या टॅक्सी स्टँडवरून गाडी घेतली तर थांबण्याचे पैसे, रात्रीचे पैसे आधी बोलून घ्या. स्वतः चालवायला गाडी किंवा स्कूटर घ्याल तेव्हा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

६. पहिले तीन तास

खोली मिळायची वेळ बहुतेक दुपारी दोन किंवा तीन. रात्रीच्या गाडीने आलेली मंडळी सकाळीच दारात असतात. यासाठी एक छोटी वेगळी पिशवी भरा: सगळ्यांचे पोहण्याचे कपडे, एकेक जोड, टॉवेल, औषधं, दात घासायचं सामान. मोठं सामान हॉटेलकडे द्या, खोली तयार होईपर्यंत मुलांना तलावावर सोडा, मोठ्यांनी तिथेच चहा घ्या.

प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. आधार, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांतलं एक. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. अनामत रक्कम घेतात; ती कार्डावर अडकवली आहे की प्रत्यक्ष कापली आहे ते विचारा आणि पावती घ्या. ऑल-इन्क्लुझिव्ह असेल तर मनगटाला पट्टा बांधतात. मुलांना तो खुपतो, पण काढला की नवीन मिळवायला खेटे पडतात.

खोलीत गेलात की बॅगा उघडण्याआधी एसी, गीझर, संडासाचं फ्लश, गॅलरीच्या दाराची कडी तपासा. लहान मूल असेल तर ही कडी सगळ्यात महत्त्वाची. काही बिघडलं असेल तर तेव्हाच सांगा, संध्याकाळपर्यंत बाकीच्या खोल्या भरून जातात. आणि संध्याकाळी ‘पंधरा मिनिटांची भेट, मोफत मुक्कामाचं कूपन’ असं कुणी म्हणालं, हॉटेलात किंवा रस्त्यावर, तर नम्रपणे नाही म्हणा. हे सदस्यत्व विकणारे लोक असतात आणि तुमची अख्खी सकाळ जाते.

तलावाविषयी एक गोष्ट आमच्या बायकांसाठी. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. मग पंजाबी ड्रेसमधल्या मावश्या-काकू काठावर पाय सोडून बसतात आणि मुलांचे टॉवेल सांभाळतात. दरवेळी हे पाहून मला वाईट वाटतं. पूर्ण हातापायांचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख हल्ली सगळीकडे मिळतो, सासूबाईंच्या मापाचासुद्धा. घरून निघण्याआधी घ्या, हॉटेलच्या दुकानात महाग पडतो. त्या पाण्यात उतरल्या की सहलीचा रंगच बदलतो.

७. समुद्र

हा भाग घाईने वाचू नका.

गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक असतात, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्याची. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरही नाही. हॉटेलसमोरच्या वाळूवर जीवरक्षकाचा मनोरा नसेल तर तो कुठे आहे ते विचारा आणि मुलांना तिथे न्या. सूर्य बुडाल्यावर पाण्यात कुणीच जाऊ नये. कपडे काढून ‘जरा पाय भिजवतो’ म्हणत गेलेली चांगली पोहणारी माणसंही इथे वाहून गेली आहेत.

नदीच्या तोंडाशी कधी उतरू नका. मोबोरच्या टोकाला साळ नदी, बाग्याची खाडी, मोरजीला शापोरा, ही ठिकाणं दिसायला शांत आणि आतून ओढ असलेली. लाटांच्या रांगेत मधेच एक सपाट, फेस नसलेला पट्टा दिसला तर ती सुरक्षित जागा समजू नका. तिथूनच पाणी मागे जात असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग वळा, आणि हात वर करून जीवरक्षकाला खूण करा.

भरती-ओहोटी काढायला कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला किंवा अवसेला सव्वाअकराला. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळेला, थोडा मागेपुढे फरक धरून. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी उतरत असताना ओढ बाहेरच्या दिशेला असते, म्हणून मुलांचं डुंबणं भरती चढत असताना ठेवा. पूर्ण ओहोटीला सासष्टीची वाळू घट्ट आणि रुंद होते; क्रिकेट, किल्ले आणि आजीचं चालणं यांसाठी ती वेळ उत्तम. अवस-पुनवेच्या आसपास उधाण मोठं असतं, तेव्हा चपला-चादरी बऱ्याच वर ठेवा.

पावसाळा संपताना पाण्यात जेलीफिश येतात. दंश झाला तर वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर लावा आणि जीवरक्षकाकडे जा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर १०८ ला फोन. मडगावला दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय आहे, म्हापशाला उत्तरेचं, आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज.

पॅरासेलिंग, जेट स्की, डॉल्फिनची बोट घेताना दर घासाघीस करून ठरवा, पण लाइफ जॅकेटवर घासाघीस नको. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर त्या बोटीत मूल बसणार नाही, एवढं ठाम राहा. किनाऱ्यावर दारू पिणं, गाडी वाळूवर घालणं, उघड्यावर स्वयंपाक करणं यांना बंदी आहे आणि दंड होतो. किनारा कुठल्याच हॉटेलचा खासगी नसतो, खाटा तेवढ्या त्यांच्या.

८. बुफे आणि बुफेबाहेर

पहिल्या रात्री सगळेच जास्त खातात आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतात. मुलांना सांगा, हे सगळं उद्याही आहे. आधी रिकाम्या ताटलीने एक फेरी मारा, मग वाढून घ्या.

हॉटेलचा बुफे सगळ्या देशाला आवडेल असा बनतो, त्यामुळे गोव्याची चव त्यात पातळ होते. शेफला विचारा, आज मणगणें (चणाडाळीची खीर) नाही तर सोलकढी, खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण), इसवणाचं हुमण (माशाची आमटी) होईल का? मुंबईकडची सुरमई ती इथली इसवण. आपल्या गावचं जेवण कुणीतरी मागतंय म्हटल्यावर स्थानिक शेफचा चेहरा खुलतो, आणि शाकाहारी आजीसाठी तवशाची म्हणजे काकडीची कोशिंबीर, मुगागाठी म्हणजे मोड आलेल्या मुगाची आमटी असं काही बाहेर येतं. कोकणी येत नाही म्हणून संकोच नको. इथे मराठी सगळ्यांना कळते, मराठी वर्तमानपत्रं घरोघरी येतात. निघताना ‘देव बरें करूं’, म्हणजे धन्यवाद, म्हणा, समोरच्याला बरं वाटतं.

पूर्ण पॅकेज घेतलं असलं तरी दोन वेळा बाहेर जेवा. पैसे भरलेत म्हणून हॉटेलातच बसणं हा मला सगळ्यात मोठा तोटा वाटतो. एकदा सकाळी मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव, तिखट मिरची आणि चहा. एकदा दुपारी साध्या खाणावळीत शितकडी म्हणजे भात-आमटी, तळलेला मासा, तिसऱ्यांचं सुकं. सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ हिंदू घरांत मासे करत नाहीत, काही खाणावळींतही त्या दिवशी निवड कमी असते, हे ध्यानात ठेवून दिवस निवडा. पहाटे सायकलचा पोंपों ऐकू आला तर तो पोदेर, म्हणजे पाववाला. गरम पोई, म्हणजे गव्हाच्या पिठाचा पाव, घ्यायला मुलांना गेटपर्यंत पाठवा.

९. एक सकाळ देवाला, एक इतिहासाला

महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवतं फोंड्याच्या आसपास आहेत. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, बांदिवड्याची महालक्ष्मी. सासष्टीतून तासाभरात फोंडा येतं. सकाळी सातला निघा, हॉटेलचा नाश्ता सोडा किंवा डबा करून मागा. तोकडे कपडे चालत नाहीत. मोठ्यांसाठी ओढणी-पंचा गाडीत ठेवा. अभिषेक किंवा देवळातलं दुपारचं जेवण हवं असेल तर देवस्थानाच्या कचेरीत आदल्या दिवशी फोन करा. आजी-आजोबांसाठी हीच सकाळ सगळ्या सहलीत मोठी ठरते, म्हणून ती शेवटच्या दिवशी कोंबू नका.

दुसरी सकाळ उत्तरेला असाल तर आग्वादचा किल्ला, १६१२ सालचा. त्याच्या तुरुंगात गोवामुक्तीचे सत्याग्रही डांबलेले होते, आता तिथे संग्रहालय आहे. शाळेतल्या मुलांना जरूर दाखवा. जुन्या गोव्याची चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दूधसागर मात्र लहान मुलं आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी नको. कुळ्याहून जीप, मग दगडांतून चालणं, आणि पावसाळ्यात ते बंदच असतं.

१०. निघताना

आदल्या रात्री स्वागतकक्षातून बिलाची प्रत मागा. पॅकेजमध्ये असलेली पेयं, मुलांचं आइस्क्रीम किंवा मिनीबारचं पाणी चुकून वेगळं लावलेलं असतं, आणि रात्री शांतपणे ते काढून घेता येतं. सकाळी अकराला काउंटरवर रांग असते. अनामत रक्कम कधी सुटणार ते लिहून घ्या. चांगलं सांभाळणाऱ्या हाउसकीपिंगच्या बाईला आणि वाढप्याला बक्षिसी हातात द्या.

गाडी संध्याकाळची असेल तर खोली सोडल्यावर अंघोळीला सोय आहे का विचारा. बऱ्याच रिसॉर्टांत तलावाजवळ शॉवर आणि कपडे बदलायची खोली वापरू देतात. ओले कपडे बाहेरच्या प्लास्टिकच्या पिशवीत, चावी काउंटरवर, आणि मडगाव स्टेशनसाठी केळशीहून निघायला गाडीच्या वेळेआधी दीड तास हाताशी ठेवा, रविवारी संध्याकाळी त्याहून थोडा जास्त.